वळच्या दिशेचा तारा

शेजारचे सर आठवीच्या मुलांना आमच्या गच्चीवर तारे शिकवतात. त्यांना चूक खपत नाही. तारे लुकलुकतात असं मी म्हणालो, तर लगेच, "तारा नाही हो, मधली हवा हलते." लाल तारा कमी तापलेला, पांढरा जास्त, हे ते लोहाराच्या लोखंडावरून समजावतात. मात्र धूर आणि समोरच्या वळ गावातल्या गोदामांच्या झगमगाटात अजून एकही तारा दाखवता आलेला नाही.

काल एका मुलीनं वळकडे बोट केलं. "सर, त्यो पांढरा, तारा हाय ना?"

"विमान हाय त्ये, येडे!" मागून कुणी हसलं.

तो गोदामाच्या खांबावरचा दिवा होता. मी सरांच्या दुरुस्तीची वाट पाहिली.

"ताराच आहे," सर म्हणाले. "खूप तापलेला."

पोरं टाळ्या पिटू लागली. जिन्यात सर मला म्हणाले, "दुसरं काय दाखवू हो?"