मास्तरांचे तीन ठिपके

परटीणमावशीच्या बोटांचा काळा डाग कधी गेलाच नाही. मागच्या रानात बिब्ब्याचं झाड होतं. त्याच्या बियांवरची पिवळी, गराची बोंडं ती खायला वाळवायची. काळ्या बिया धंद्याला. तापलेली सुई बीत खुपसायची, त्याच सुईनं कपड्यावर खूण करायची, वर चुना लावायचा. कापड विरलं तरी खूण जायची नाही. मास्तरांच्या घराला तीन ठिपके, डॉक्टरांना फुली. घरच्या कपड्यांना मात्र काही नाही.

"घरचं माणूस ओळखायला खूण कशाला हवी?" म्हणायची. तिच्या तोंडी लागणं म्हणजे अंगाला बिब्बा चोळून घेणं, हे आम्हा शेजाऱ्यांना ठाऊक होतं.

तिचा एकुलता एक मुलगा पुलाच्या कामावर लागणार होता. आदल्या रात्री तिनं त्याच्या भेगाळलेल्या टाचांना बिब्ब्याच्या तेलाचे चटके दिले. तो केवढ्यानं ओरडला!

सकाळी म्हणाला, "आई, कुणाचा तरी बरा शर्ट दे ना. आजच्यापुरता."

"हात तर लावून बघ! गिऱ्हाइकाचा कपडा आपण घातला की धंदा बसलाच. गठ्ठे पोचव नि जा."

गठ्ठे पाठीवर टाकून तो तणतणत गेला. तिकडेच राहायचं ठरलं होतं, म्हणून आठवडाभर आला नाही तरी तिला घोर लागला नाही.

मग हवालदार एक निळा शर्ट घेऊन आला. पुलाखाली पाण्यात प्रेत सापडलं होतं. चेहरा उरला नव्हता.

मावशीनं कॉलर उलटली. आत तीन ठिपके. "अगं बाई, मास्तर!"

मास्तर लेकीकडे गेलेले. त्यांच्या घरात आकांत झाला. मावशीनं मास्तरीणबाईंना कुशीत धरलं, त्यांच्याबरोबर ऊर फुटेस्तोवर रडली.

संध्याकाळी मास्तर पिशवी घेऊन दारात उभे. रडणारी माणसं हसायला लागली. मावशी सगळ्यांत जास्त हसली. देवाला हात जोडून झाले, तेव्हा मास्तरांनी शर्ट हातात घेतला.

"हा तर तुझ्याकडे धुवायला होता. मी निघेपर्यंत परत आला नव्हता."

"असं कसं? पोरानं गठ्ठा..." मावशीनं पायांत चपला सरकवल्या.

मीच तिला शवागारात नेलं. देवानं ही वेळ वैऱ्यावरही आणू नये. हवालदार तोंडावरची चादर काढणार, तोच तिनं त्याचा हात धरला आणि पायांशी जाऊन बसली. टाचांच्या भेगा काळ्या होत्या.

"हे आमच्या घरचं," ती म्हणाली.