अब्बा शुक्रवारी असतात

माझी मुलगी पावणेचार वर्षांची होती तेव्हा आमच्या घरात तिचंच राज्य होतं. माझ्या सासूबाईंपुढे अख्ख्या मोहल्ल्यात कुणी ब्र काढत नसे, पण त्या हिला विचारल्याशिवाय पानाचा डबा उघडायच्या नाहीत. दारावर मासळी घेऊन येणारी बाई टोपली उतरवायची आणि आधी हिलाच हाक मारायची. ही उकिडवी बसून एकेका बांगड्याचे कल्ले उघडून बघणार, नाक मुरडणार आणि मग निकाल देणार, "हा कालचा गो." बहुतेक वेळा तो कालचाच असायचा. मासळीवाली म्हणायची, "भाभी, हिला माझ्याबरोबर पाठवा, माझा धंदा तरी सुधारेल." मी वरवर डोळे वटारायची, पण खोटं कशाला बोलू, आतून आनंदाच्या उकळ्या फुटायच्या. असली पोर मी जन्माला घातली होती.

तिचा बाप कुवेतला होता. ही सात महिन्यांची असताना गेला, आणि दोन वर्षांनी मिळणारी रजा या ना त्या कारणाने पुढे ढकलत तीन वर्षं झाली. घरात त्याचा फोटो होता, पण लग्नातला. त्यात सेहऱ्याच्या फुलांतून नाकाचा शेंडा तेवढा दिसतो. मोबाईल तेव्हा आमच्याकडे कुणाजवळ नव्हता. बापलेकीची ओळख काय ती घरातल्या फोनवरची. तिकडे शुक्रवारी सुट्टी, म्हणून त्या दिवशी दुपारी जेवणं झाली की फोन यायचा. ही स्टुलावर चढून तयारच असायची. कोण पडलं, कोण रडलं, दादीने कुणाला शिव्या घातल्या, सगळा आठवडा त्याच्या कानात ओतायची. "हो" म्हणायचं असलं की नुसती मान हलवायची, आणि तो तिकडे हॅलो हॅलो करत बसायचा. एकदा तिने हापूसची फोड रिसीव्हरला चिकटवून धरली. "वास घे," म्हणाली. त्या वेड्यानेही असा काही लांब श्वास ओढून "अहाहा" केलं की मला बाजूला उभ्या उभ्या ऐकू आलं. रिसीव्हर पुसायला मला अर्धा तास लागला. पावसाळ्यात ती फोनला स्वतःचा स्वेटर पांघरवायची, अब्बांना गारठा लागू नये म्हणून. आम्ही पोट धरधरून हसायचो. अब्बा फोनच्या आत राहतात असं ती समजून चाललीय, हे आमच्या टाळक्यात शिरलंच नाही.

शेवटी चाळीस दिवसांची रजा घेऊन तो आला. गाडी दारात थांबली, त्याने बॅगा उतरवल्या आणि दोन्ही हात पसरून उंबऱ्याशी उभा राहिला. पोरगी पुढे झाली.

"कोण पाहिजे?"

"अब्बाला ओळखलं नाहीस?"

"अब्बा आता नाहीत," ती शांतपणे म्हणाली. "शुक्रवारी असतात."

सासूबाई हसून हसून खाली बसल्या. मीही हसले. तोही हसला, पण त्याचे हात तसेच पसरलेले राहिले, आणि ते कुठे ठेवायचे ते त्याला कळेना.

पुढचे सहा दिवस पोरगी त्याच्याशी इतकी चांगली वागली की त्याच्या जिवाचं पाणी झालं. घरी आलेल्या पाहुण्यांना तुम्ही म्हणायचं, पाणी विचारायचं, हे मीच शिकवलं होतं ना, मग भोगा आता. बाहुली दिली, "थँक्यू." चॉकलेट दिलं, "थँक्यू, अम्मीला विचारून खाते." मांडीवर ये म्हटलं, तर "नको, तुम्ही दमला असाल." मी समजावलं, सासूबाईंनी दटावलं. ही आमच्याकडे अशी बघायची, जसं काही आम्हा बिचाऱ्यांना कुणीतरी फसवलंय. गुरुवारी तो स्वयंपाकघरात माझ्याजवळ येऊन बसला. "रडली असती, पळून गेली असती तरी चाललं असतं गो," म्हणाला. "ती मला पाणी विचारते." तीन वर्षं त्याने याच दिवसांच्या आशेवर काढली होती. परत निघताना ही अशीच दारात उभी राहून "पुन्हा या" म्हणेल, या भीतीने त्याला घास गोड लागत नव्हता.

शुक्रवारी दुपारी ती स्टुलावर चढली. फोन वाजेना. तिने रिसीव्हर कानाला लावला, ठेवला, पुन्हा उचलला. मी म्हटलं, "बाय, आज फोन नाही यायचा. अब्बा तुझ्यासमोर उभे आहेत." तिचा खालचा ओठ बाहेर आला. ते बघून त्याने चपला पायात सरकवल्या आणि तडक निघून गेला. मला वाटलं, रागावला. तो गेला होता नाक्यावरच्या एसटीडी बूथवर.

फोन वाजला.

"अब्बा, तू उशीर केलास," तिने सुरुवात केली, आणि मग तोंडाचा पट्टा सुटला. "आमच्याकडे एक पाहुणे आलेत. जातच नाहीत. घोरतात. अम्मी बांगड्याचं डोकं त्यांनाच देते." मी तोंडात ओढणी कोंबली. सासूबाईंना तर हसता हसता ठसका लागला. मग तो तिकडून काहीतरी बोलला. काय, ते त्याने मला नंतर सांगितलं. त्याने विचारलं होतं, "मग जायला सांगू का त्यांना?"

पोरगी विचारात पडली.

"नको," ती हळूच म्हणाली. "त्यांना घर नाही रे. सगळ्या बॅगा घेऊन आलेत." मग थोडं थांबून, "तू येईपर्यंत राहू देत."

माझं हसू कुठल्या कुठे गेलं.

पाच मिनिटांनी तो आला. डोळे लाल झालेले, आणि वर यायचा धीर होत नसल्यासारखा पायरीवरच घुटमळत राहिला. पोरगी धावत दारात गेली. "अब्बांचा फोन आला होता," तिने सांगितलं. "तुम्ही राहिलात तरी चालेल. मी विचारलंय त्यांना." तिने त्याचं बोट धरलं आणि त्याला त्याच्याच घरात आत आणलं.