कंटाळा आला का?

“कंटाळा आला का? खरं सांग.” प्रवेशाला आलेल्या प्रत्येक मुलाला आमचे सर हे विचारायचे, आणि दर वेळी मी मनातल्या मनात एक प्रवेश वजा करायचो.

नाशिकच्या एका कॉलेजात ते वनस्पतिशास्त्राचे विभागप्रमुख. मी त्यांच्या हाताखाली, तासिका तत्त्वावर. म्हणजे मुलं असली तर तास, आणि तास असले तर मी. अशा नोकऱ्या तुम्हीही पाहिल्या असतील. बाकीच्या विभागांची माणसं जूनमध्ये गेटपाशी उभी राहून मुलं ओढायची. आमचे सर आलेली मुलं परत पाठवायचे.

त्यांची परीक्षाच तशी. मुलाच्या हातात भिंग द्यायचं, त्याला कॉलेजमागच्या गवतात बसवायचं आणि तासाभरानं जाऊन तो प्रश्न विचारायचा. एखादा प्रामाणिकपणे म्हणायचा, “थोडा आला, सर.” की लगेच त्याच्या पाठीवर हात. “मग कॉमर्सला जा बाळा. सुखी होशील.” एकाला तर ते स्वतः कॉमर्सच्या खिडकीपर्यंत सोडून आले. मी कपाळाला हात लावला.

“सर, अशानं विभाग बंद पडेल.”

“अरे, तीन वर्षं काढायची असतात त्या पोराला. नावडतीचं मीठ अळणी.”

शेवटच्या वर्षी विभाग टिकायला एकच प्रवेश कमी पडत होता. मुदत संपायच्या दिवशी सटाण्याची एक मुलगी वडिलांबरोबर आली. वडील कांद्याचे व्यापारी. फार्मसीला जागा मिळत असताना हिला आमचाच विषय हवा होता. तासाभरानं बोलवायला गेलो तर गवतातून उठेना. मी मनातल्या मनात नवश्या गणपतीला नारळ बोललो.

वडिलांनी सरांना विचारलं, “सर, यामा नोकरी शे का?”

मी टेबलाखालून सरांचा पाय दाबला. सर म्हणाले, “खोटं कशाला सांगू? अवघड आहे.”

“मग पोरनं वाटोळं काबर करू?”

सरांनी कांद्याचा एक पापुद्रा सोलून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. “बघा.”

“कांदा ते मी रोजच देखस.” तरी ते वाकले, आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. मग उठले आणि मुलीला फार्मसीला घेऊन गेले. जाताना तिनं भिंग टेबलावर ठेवलं, तर सरांनी ते तिच्या पिशवीत टाकलं. भिंग कॉलेजचं, आणि नोंद माझ्या नावावर.

विभाग बंद झाला. नमुन्यांच्या बरण्या खोक्यांत भरताना मी तोंडाला येईल ते बोललो. “आहे नोकरी, एवढं म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं? मला दोन पोरं आहेत, सर.”

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाले, “इतकी वर्षं केलंस. कंटाळा आला का? खरं सांग.”

“नाही आला. तोच तर घोळ आहे,” मी ओरडलो. त्यावर ते खूप दिवसांनी हसले.

पुढच्या हिवाळ्यात सर गेले. मी आता कॉलेज रोडला प्रवेश परीक्षेच्या क्लासमध्ये शिकवतो. पैसे कितीतरी जास्त मिळतात. सरांचा राग अजून येतो, आणि आठवण रोज येते. वर्गात मुलं घड्याळाकडे बघतात, मीही बघतो. कंटाळा आला का, असं इथं कुणी विचारत नाही, ते एक बरं आहे.