केळीला साडी

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर, मोरीचं पाणी मुरतं तिथं, एक केळ आहे. म्हणजे मी इतकी वर्षं 'एक केळ' असंच म्हणत आले. बिबवेवाडीत हे तळमजल्याचं घर घेतलं तेव्हा यांनी लोणी काळभोरच्या घरच्या मळ्यातून एक मुनवा आणला. मुनवा म्हणजे केळीच्या बुडाशी फुटतं ते पिल्लू हो. स्कूटरवर पुढे हे, मागे मी आणि माझ्या मांडीवर ओल्या पोत्यात गुंडाळलेला तो! सिग्नलला लोक वाकून बघायचे, बाळ आहे की काय.

गेल्या वर्षी हे गेले. मी घरातलं काही म्हणजे काही हलवलं नाही. चष्मा टीव्हीजवळ, चप्पल दाराशी. मुलगा म्हणाला, "आई, निदान चप्पल तरी..." मी ऐकलं नाही.

आणि केळीला तर कुणाला हात लावू देईना. यंदा ती निसवली, केळफूल बाहेर आलं, घड धरला. घड उतरवून सगळ्या बिल्डिंगला वाटला. मग मात्र ती पिवळी पडून पार्किंगकडे कलायला लागली. सोसायटीचे अध्यक्ष वरच्या गॅलरीतून म्हणाले, "काकू, केळ माझ्या गाडीवर झोपायला येतेय. सभासद करून घेऊ का तिला?"

"घ्या की. मीटिंगला तरी वेळेवर येईल."

बोलायला बोलले, पण कोयता काही हातात घेतला नाही. यांच्या हातचं जिवंत असं तेवढंच उरलेलं. शेवटी जुन्या साडीला पीळ देऊन तिनं मी केळ खिडकीच्या गजाला बांधून टाकली.

तेवढ्यात लोणीहून थोरल्या जाऊबाई राहायला आल्या. पिशवी खाली ठेवायच्या आधी खिडकीबाहेर बघून म्हणाल्या, "आगं, केळीला साडी नेसवलीस?"

"अहो, पडेल ती."

"पडनारच. घड दिला, तिचं काम झालं. कोयता आण."

"नको हो जाऊबाई. यांनी लावलेली आहे."

त्या पदर तोंडाला लावून हसायलाच लागल्या. "आगं येडे, भावजींनी लावल्याली केळ कवाच गेली! केळ एकदाच निसवती. मग ती तोडायची, शेजारचा मुनवा मोठा व्हतो. ही तिची नात म्हन, न्हाईतर खापरपनती. दर बारीला भावजीच तोडत आसतील की. तुला दिसलं न्हाई?"

नव्हतं दिसलं. एखाद्या रविवारी हे मागे खुडबुड करायचे, मी आतून ओरडायचे, "अहो, पोहे गार होतायत!" हे यायचे ते बनियनवर केळीचे काळे डाग घेऊन. ते डाग निघत नाहीत म्हणून मी कितीदा बोलले! पण ते तिथं काय करतात, हे कधी वाकून बघितलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर केळ जात होती, येत होती, आणि मला ती एकच वाटत होती.

मी कोयता आणला. पहिला घाव जाऊबाईंनी घातला, दुसरा मी. काय पाणी निघालं हो त्यातून! गार, हातावरून कोपरापर्यंत ओघळलं. "कंबरेएवढं खोड राहू दे," जाऊबाई म्हणाल्या. "ह्यातलं पानी आता मुनवा पेतो." हात पुसायला काही सापडेना, तेव्हा यांचं तेच डागांचं बनियन कपाटातून काढलं आणि पुसले.

दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावर सत्यनारायण होता. चौरंगाला बांधायला म्हणून एक जादा मुनवा जाऊबाईंनी सकाळीच सपकन कापून दिला. जेवणं आटोपून सहज मागे गेले, तर त्याच्या राहिलेल्या बुंध्यातून, सपाट कापाच्या मधोमध, पांढरट हिरवी सुरळी बोटाएवढी वर आलेली! सकाळी कापला तेव्हा तिथं काही नव्हतं. मी खालीच बसले. हात लावला, तर घट्ट आणि गार.

"जाऊबाई, अहो, हे वाढतंय!"

"मग? त्याला कुनी सांगितलंय थांबायला?"

साडी सोडून धुऊन टाकली. राखलेला मुनवा आता खिडकीच्या गजापर्यंत आलाय. चप्पल अजून दाराशीच आहे. पण पोहे झाले की हल्ली मी बशी घेऊन मागेच जाऊन बसते, नवं पान उलगडताना बघत.