चाचांनी काम सोडलं त्याची गोष्ट

आमच्या दुकानात किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही, ते आपोआप साचतात. चहाला चौघं बसलो की कुणीतरी म्हणतंच, "दस्तगीरचाचांचा तो आठवतोय काय?" मग चहा गार होतो. चाचा जाऊन आता वर्ष होईल. हसता हसता मध्येच एक जण गप्प होतो. बहुतेक वेळा तो मीच असतो.

दुकान कळंब्याच्या रस्त्यावर. गाड्यांची काळी अलॉय व्हील धुवायची, घासायची, खरचटलेल्या कडा भरून पुन्हा नव्यासारखी काळी करायची. घासायला मी, रंगाला चाचा. तीस वर्षं त्यांनी स्प्रेगन चालवली, तोंडाला साधं फडकंही न बांधता.

*

एकदा मी त्यांना चांगला मास्क आणून दिला. दुसऱ्या दिवशी मास्क कपाळावर!

"चाचा, नाकाला लावा की."

"वास आल्याबिगर थिनर किती पडला कसं कळंल? तुझी बायको नाक बांधून आमटी करती व्हय?"

आम्ही पोट धरून हसलो होतो. आज त्या हसण्याचा मला राग येतो.

*

गारगोटीचे एक मास्तर एक खरचटलेलं चाक करून घ्यायला आले होते. म्हणाले, "काळं ते काळं. त्यात कसली आलीय कारागिरी?"

चाचांनी चाक ठेवून घेतलं. काम झाल्यावर चारही चाकं उन्हात मांडली. "ह्यातलं एक मी मारलंय, तीन कंपनीची. वळखा."

मास्तरांनी वाकून वाकून बघितलं आणि एकावर बोट ठेवलं. "हे तुमचं. जरा फिकं वाटतंय."

"ते कंपनीचं हाय, मास्तर."

*

हुपरीची एक आजी नातवाच्या लग्नाच्या गाडीबरोबर आली. नातवानं चाकं काळी करून घेतली होती आणि आजी अडून बसली. "काळ्या चाकांवर नवरी आणायची न्हाय."

चाचा म्हणाले, "आजी, बाळाला दिष्ट लागू नये म्हणून तीट लावता न्हवं? गाडीला चार लावल्यात."

आजी खुदकन हसली. चाचाही हसले आणि त्यांना खोकला लागला. तो थांबेचना. आजीनं आपल्या पिशवीतली पाण्याची बाटली दिली आणि हळूच मला विचारलं, "किती दिसाचा हाय ह्यो?"

"रोजचाच हाय," मी म्हणालो. 

*

डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला. फुप्फुसं काळी, त्यात पांढरे डाग. चाचांनी फिल्म उजेडात धरून नीट न्याहाळली.

"काळं झ्याक आलंय. पर मधी मधी डाग ऱ्हायल्यात. हात सारखा फिरला न्हाय."

डॉक्टर हसले नाहीत. "रंगाचं काम आजपासून बंद. नाहीतर जगणार नाही."

चाचा दुसऱ्या दिवशी दुकानात हजर. "एवढं चाक झालं की सोडतो," म्हणाले. असं ते पुढं सहा महिने रोज म्हणत होते. मी गन हातातून काढून घ्यायला हवी होती. माझं धाडस झालं नाही.

*

शेवटी चाचा घरी, नाकाला नळी आणि उशाशी ऑक्सिजनचा सिलिंडर. अंगानं काळा, मानेला पांढरा. मी भेटायला गेलो तर ते त्याच्यावर बोट फिरवत होते.

"घासायचा पेपर न मारताच रंग दिलाय. दिसभर हेच बघत पडायचं काय मी?"

सिलिंडर संपल्यावर दुसरा जोडला आणि रिकामा मी दुकानात आणला. घासला, नंबरावर टेप लावली आणि आयुष्यात पहिल्यांदा गन हातात घेतली. चाचा फोनवर होते.

"वास कसा येतोय?"

"मास्क लावलाय, चाचा."

पलीकडं बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. "लावूनच मार," ते म्हणाले.

दोन दिवसांनी भरलेला सिलिंडर घेऊन एजन्सीचा माणूस चाचांच्या घरी आला. मी रंगवून परत आणलेला रिकामा बघून दारातच थबकला. "ह्यो आमचा न्हाय. आमचा असला नसतोय."

"नंबर बघा की, पावणं. तुमचाच हाय," मी म्हणालो.

त्यानं नंबर बघितला, मग सिलिंडरवरून हात फिरवून चाचांना विचारलं, "कुणी केलाय ओ? तुम्ही?"

चाचांनी नाकाची नळी जरा बाजूला केली आणि माझ्याकडं बोट दाखवलं.

"ह्यानं. मी काम सोडलं."