निनावी अर्जाचं शेवटचं वाक्य

आजवर बायकोलाही न सांगितलेली एक गोष्ट आधी सांगून टाकतो. आमच्या इंग्रजीच्या सरांविरुद्ध संस्थेकडे जो निनावी अर्ज गेला होता, तो मी लिहिला होता. पुढे त्यांच्याविषयी जे काही चांगलं येईल ते हे लक्षात ठेवूनच वाचावं. आणि चांगलंच येणार, कारण सातपुड्यापासून तापीपर्यंत इंग्रजीवर इतकं प्रेम करणारा दुसरा माणूस झालेला नाही, आणि ते प्रेम इतक्या अस्सल अहिराणीत तर कोणीच केलेलं नाही.

सर म्हसावदहून सायकलीवर शाळेत येत. खिशाला कायम लाल पेन. इंग्रजीत छापलेलं काहीही हाती आलं की ते तपासून टाकत, मग ती फवारणीच्या औषधाबरोबर आलेली माहितीची घडी असो की लग्नपत्रिका. एका शेतकऱ्याने हौसेने मुलीची पत्रिका इंग्रजीत छापली, तर सरांनी तिच्यावर दहापैकी सात गुण देऊन खाली 'मांडणी चांगली' असा शेरा मारला. त्या माणसाने ती पत्रिका अजून जपून ठेवली आहे, कारण त्या घरात दहापैकी सात तोवर कोणी मिळवले नव्हते. गृहपाठ त्यांचा असा की रोज संध्याकाळी गोठ्यात जाऊन दिवसभरात काय घडलं ते म्हशीला इंग्रजीत सांगायचं. "जो हासत नही, त्यान्हा म्होरे पहिले बोलानं," हे त्यांचं शास्त्र. आमच्या वडिलांनी एकदा भर बाजारात त्यांना अडवलं. "सर, पोऱ्या इंग्रजी बोलस अन् म्हैस दूध चोरी ऱ्हायनी." सर सायकलवरून उतरलेसुद्धा नाहीत. "सरकी वाढवा दादा. इंग्रजी तिले पची जाई," म्हणाले. सरकी वाढवली, दूध वाढलं, आणि माझी सुटका कायमची हुकली.

दहावीला बर्फावरची एक कविता होती. आमच्यापैकी कोणी गोळ्याच्या गाडीपलीकडे बर्फ पाहिला नव्हता. सरांनी गाडीवाल्याकडून एक लादी आणून टेबलावर ठेवली आणि कविता संपेपर्यंत प्रत्येकाचा तळवा पाळीपाळीने तिच्यावर ठेवायला लावला. डोंगरातून वसतिगृहात आलेल्या मुलांना ते आधी त्यांच्या पावरी बोलीत कविता सांगायला लावत, मग आम्हाला अहिराणीत, आणि इंग्रजीची पाळी यायच्या आत बहुधा घंटा व्हायची. ती कविता मला आज तिशी उलटून बरीच वर्षं झाली तरी तळहातात पाठ आहे.

पत्रलेखनात मात्र ते कडक. तक्रारीचं पत्र शिकवताना त्यांचा एक नियम होता, जो कुठल्याही गाइडमध्ये नाही. तक्रार कितीही मोठी असो, शेवटच्या वाक्यात समोरच्या माणसाचं एक चांगलं लिहायचं. पाणी न सोडणाऱ्या ग्रामपंचायतीचंही. "भांडण मिटानं वाक्य," असं त्याला ते म्हणत. आम्ही ते इतकं घोटलं होतं की नियम म्हणून तो आठवावा लागत नसे, हातातच बसला होता.

पुढे मी बी.एड. करून त्याच शाळेत लागलो. मला आठवी मिळाली, दहावी सरांकडेच होती. दहावी ज्याच्याकडे, तो खरा इंग्रजीचा शिक्षक, असा आमच्याकडे समज. मला ती हवी होती. म्हणून शहाद्याला जाऊन अर्ज टाइप करून घेतला: सर इंग्रजी अहिराणीत शिकवतात, वर्गात बर्फ आणतात, मुलांना जनावरांशी बोलायला लावतात, अभ्यासक्रम पूर्ण करत नाहीत. एकही आरोप खोटा नव्हता. ज्या गोष्टींनी मी घडलो, त्या अनुक्रमांक घालून मी सरांवरच उलटवल्या. छाप पडावी म्हणून अर्ज इंग्रजीत केला, आणि तिथेच फसलो. ऊस आणि केळी यांत संस्थेच्या चेअरमनचा हात धरणारा कोणी नव्हता, पण इंग्रजी कागद आला की ते तो पंचक्रोशीतल्या एकमेव भरवशाच्या माणसाकडून वाचून घेत. त्यांनी सरांनाच बोलावलं.

पुढचं हेडसरांनी मला सांगितलं, ते तिथे होते. सरांनी अर्ज पहिल्यापासून शेवटपर्यंत अहिराणीत वाचून दाखवला, एक शब्द मऊ न करता. चेअरमन म्हणाले, "फाडी टाका." सर म्हणाले, "फाडू नका, समदं खरं शे. दहावी आपला नवा सरले द्या. तो करी लेई."

नवा सर म्हणजे मी.

दुसऱ्या दिवशी सरांना पाचवी मिळाली. मधल्या सुट्टीत ते माझ्याशेजारी येऊन बसले आणि तो अर्ज त्यांनी माझ्यापुढे ठेवला. लाल पेनाने तपासलेला होता. शेवटच्या वाक्याखाली रेघ होती. तिथे मी, आपण काय करतो आहोत हे न कळता, लिहून गेलो होतो की सरांनी शिकवलेली कविता विद्यार्थी जन्मात विसरत नाही.

"आपलाच शाळाना पोऱ्यानी लिखेल शे," सर म्हणाले. "दहामा आठ दिधात."

शिक्षकांत त्यांचा विद्यार्थी मी एकटाच होतो. तरी विचारलं, "दोन कशाचे कापले, सर?"

"सही नही ना, भाऊ."

एवढं बोलून त्यांनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि पाचवीच्या वर्गाकडे निघून गेले. निवृत्त होईपर्यंत त्यांनी तो विषय काढला नाही. मी दहावीचा अभ्यासक्रम दरवर्षी वेळेत पूर्ण करतो. निकाल चांगला लागतो. कविता कोणाला आठवत नाही.

दर दिवाळीला मी म्हसावदला त्यांच्याकडे फराळाला जातो. त्यांना आता कमी ऐकू येतं. म्हशीला पेंड घालताना तिला दिवसभराच्या बातम्या इंग्रजीत सांगतात. गेल्या वेळी मी निघताना त्यांनी विचारलं, "पत्रलेखन शिकाडस ना? शेवटलं वाक्य?"

"शिकवतो, सर."

"अन् सही?"

मी म्हटलं, तीही शिकवतो. चपला घातल्या आणि गाडीला किक मारली.

सरांच्या त्या घडी घातलेल्या कागदावर मी अजून एक सही देणं लागतो.