कूलरमागचं जाळं

मला कोळी आवडत नाही. आजही नाही. ते सरसर पळणारे पाय दिसले की अंगावर काटा येतो, आणि कोळ्याचं कौतुक सांगणारे लोक भेटले की डोक्यात तिडीक जाते. तेव्हा मी हे काही हौसेनं शिकले असं कोणी समजू नये. थोबाडीत खाऊन शिकले.

पाऊस लागला की आम्ही नागपूरकर कूलरचा पंप बंद करतो, वरून जुनी साडी टाकतो आणि म्हणतो, झाला कूलर बंद. तो खिडकीतून काढायला दोन माणसं लागतात, आणि आमच्या नवरोबांचा रविवार काही उगवत नाही. त्या वर्षीही कूलर तसाच राहिला, साडी पांघरून. त्याच्यामागच्या फटीत एका कोळ्यानं जाळं विणलं.

माझी आठ वर्षांची लेक शाळेतून आली की दप्तरासकट तिथं जाऊन उभी राहायची. "आई, पाह्य ना, आज किती मच्छर अडकले!"

"हात धू आधी. घाण आहे ते," मी पोळ्या लाटता लाटता म्हणायची. मान वर करून पाहायचीसुद्धा नाही.

भादव्यात महालक्ष्म्या बसायच्या म्हणून घर साफ करायला काढलं. सासूबाईंनी फटीकडे बोट दाखवलं. "काहून वं, ते जाळं दिसून नाही राहिलं काय तुले? पाहुणे काय म्हणतीन?"

मी झाडू उचलला. लेक आडवी आली, रडली, पदर ओढला. मी जाळं ओढून काढलं, कोळी खाली पडला, त्याला चपलेनं चिरडलं. वर पोरीलाच एक धपाटा घातला, सणासुदीला रडते म्हणून.

महालक्ष्म्या उठल्या आणि लेक तापानं फणफणली. डेंग्यू. डॉक्टर रोज प्लेटलेटचा आकडा सांगायचे आणि तो रोज खाली जायचा. तिच्या हिरड्यांतून रक्त आलं त्या दुपारी मी दवाखान्याच्या जिन्यात बसून देवाला शिव्या घातल्या. मग शेजारणीच्या उघड्या टाकीला, मग समोरच्या रिकाम्या प्लॉटवरच्या डबक्याला. एकालाही सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी कपडे न्यायला घरी आले, तर डेंग्यूचा पेशंट निघाला म्हणून पाणी तपासायला महापालिकेचा एक माणूस आला होता. शेजारणीची टाकी त्यानं पाहिली, ठीक होती. डबकं पाहिलं, कोरडं पडलं होतं. मग त्यानं आमच्या कूलरवरची साडी उचलली. कूलरच्या टाकीत वीतभर पाणी होतं, आणि त्यात अळ्याच अळ्या वळवळत होत्या. त्यानं वहीत नोंद केली आणि पुढच्या घरी गेला. काही बोलला असता तर भांडता तरी आलं असतं मला.

आज किती मच्छर अडकले! रोज सांगत होती पोरगी, रोज. एवढे मच्छर एकाच खिडकीत येतात कुठून, एवढं साधं मला सुचू नये? दुसऱ्यांच्या दारातलं कुसळ शोधत बसले, आणि मुसळ माझ्याच खिडकीत होतं. असा संताप आला स्वतःचा, की ती टाकी मी एकटीनं उपडी केली. मनगट मुरगळलं. बरंच झालं.

लेक वाचली. कडेवरून घरी आली, पार वाळून गेलेली, आणि पहिलं विचारलं, "कोळी आला काय परत?" मी तिचं अंथरूण घालायला लागले.

यंदा जूनमध्येच कूलर काढून टाकी पालथी ठेवली. खिडकीच्या कोपऱ्यात नवं जाळं आहे. किळस येते, तरी रोज सकाळी चहाच्या आधी मी तिथं डोळे लावते. एक मच्छर दिसला तरी घरातली सगळी भांडीकुंडी, कुंड्यांखालच्या ताटल्या तपासते.

परवा महालक्ष्म्यांची सफाई काढली आणि सासूबाईंनी तिकडे झाडू उगारला. "हात लावून तर पाहा!" मी अशी ओरडले की त्यांच्या हातून झाडू पडला. लग्न झाल्यापासून त्यांच्यावर आवाज चढवला नव्हता कधी.

लेक दारातच उभी होती. तिनं झाडूकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मग त्या वेळेस काहून मारलं वं, आई, त्याले?"